दिवसाचा पाऊस दिवसभर पडत नाही

वाचकांचे प्रश्न : पाणी आणि बांधकाम
(उत्तरे देणारे लघुपाटबंधारे कामांवरून निवृत्त झालेले उपअभियंता आहेत.)

प्रश्न : आमचे गाव माण तालुक्यात आहे. गावच्या ओढ्यावर मातीचा लहान तलाव होणार आहे. पाणलोट क्षेत्र साडेसहा चौरस किलोमीटर, भरावाची उंची ८ मीटर, साठा ११० सहस्र घनमीटर. सल्लागाराने पुराचा येवा (दर सेकंदाला येणारे पाणी) ७.५ घनमीटर प्रति सेकंद काढून सांडवा (जादा पाणी जाण्याची वाट) १० मीटर रुंद धरला आहे. माझा पुतण्या स्थापत्य अभियंता आहे. तो म्हणतो, इंग्लिसच्या सूत्राने हाच येवा १९६ येतो. एकाच ओढ्याचे हे दोन आकडे, कोणाचा खरा? सांडवा रुंद केला तर एका शेतकऱ्याची दहा-बारा गुंठे जमीन जाते, म्हणून ग्रामसभेत वाद पेटला आहे. डोंगरावर आम्ही समतल चर खोदले आहेत, त्याने पूर कमी होणार नाही का? धरणाच्या जागेखाली दोनशे मीटरवर ओढ्याकाठी महादेवाचे देऊळ आहे. सासऱ्यांचे वय ८२. त्यांच्या लहानपणी एकदा पाणी देवळाच्या दुसऱ्या पायरीला लागले होते, पुन्हा तसे कोणी पाहिले नाही. तिथली मापे आणि अंदाजपत्रकाची पाने सोबत पाठवते. पानशेतसारखे काही आमच्या हातून व्हायला नको.
— उपसरपंच, माण तालुका

उत्तर : ताई, तुम्ही दोरी बांधून, दर दोन मीटरवर काठी उभी करून ओढ्याची खोली मोजलीत आणि कागदावर मांडून पाठवलीत. अंदाजपत्रकाच्या सगळ्या पानांपेक्षा हा एक कागद मला जास्त उपयोगी पडला. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी ७.५ हा आकडा कसा निघाला ते पाहा. पान ४ वर रॅशनल पद्धतीचे गणित आहे. ही पद्धत साधी आहे : अपधाव गुणांक (पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा), पावसाची तीव्रता (ताशी मिलिमीटर) आणि क्षेत्र (चौरस किलोमीटर) यांचा गुणाकार करून ३.६ ने भागायचे, की येवा घनमीटर प्रति सेकंदात मिळतो. लहान पाणलोटासाठी पद्धत योग्य आहे. गुणांक ०.५ धरला आहे, तोही चालण्यासारखा. शंभर वर्षांतून एकदा येणारा चोवीस तासांचा पाऊस २०० मिलिमीटर धरला आहे. चूक पुढच्या ओळीत आहे. २०० ला २४ ने भागून तीव्रता ताशी ८.३३ मिलिमीटर काढली आहे.

दिवसाचा पाऊस दिवसभर सारखा पडत नाही. तुमच्याकडे तर नाहीच. तुमचा मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात, मॉन्सून परतताना, दुपारनंतर ढग दाटून येतात तेव्हाचा. तासा-दीड तासात शेताचे बांध फोडून जातो आणि रात्री चांदणे पडते. ताशी आठ मिलिमीटरचा पाऊस म्हणजे इरले डोक्यावर घेऊन माणूस भांगलण करू शकेल असा पाऊस. त्या पावसावर सांडवा बेतायचा नसतो.

मग तीव्रता किती वेळाची धरायची? पाणलोटाच्या सर्वांत लांबच्या टोकावर पडलेल्या थेंबाला धरणापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळाची. आम्ही कामावर याला ‘टाइम ऑफ कॉन्सन्ट्रेशन’ म्हणत असू. तेवढा वेळ पाऊस झोडपत राहिला की सगळे पाणलोट एकाच वेळी धरणावर पाणी आणून टाकते आणि पुराचे शिखर येते. तुमच्या नकाशावर ओढ्याची लांबी ४,२०० मीटर आणि डोंगरमाथ्यापासून धरणाच्या तळापर्यंतचा उतार ११० मीटर आहे. किरपिचच्या सूत्राने हा वेळ ४९ मिनिटे येतो.

चोवीस तासांच्या २०० मिलिमीटरपैकी या ४९ मिनिटांत किती पडेल? तासातासाची नोंद करणारे पर्जन्यमापक जवळ नसले की आपल्याकडे घनमूळाचा नियम वापरतात. वेळेचे चोवीस तासांशी असलेले प्रमाण घ्यायचे, त्याचे घनमूळ काढायचे आणि त्याने दिवसाच्या पावसाला गुणायचे. ४९ मिनिटे म्हणजे दिवसाचा ०.०३४ भाग. त्याचे घनमूळ ०.३२४. म्हणजे एका तासाच्या आत ६५ मिलिमीटर, आणि तीव्रता ताशी ७९. आता तोच गुणांक, तेच क्षेत्र ठेवून गणित करा. येवा ७२ घनमीटर प्रति सेकंद येतो. सल्लागाराच्या आकड्याच्या जवळजवळ दहा पट. सूत्र बदलले नाही, पाऊस बदलला नाही. फक्त २४ ने भागायचे थांबवले.

ही चूक मी एवढ्या ठामपणे ओळखतो, कारण ती मी स्वतः केली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर आम्ही पोरसवदा ओव्हरसियर एकेका उन्हाळ्यात चार-चार पाझर तलावांची अंदाजपत्रके करत होतो. लोकांच्या हाताला काम हवे होते, खडी फोडणारी माणसे रस्त्याकडेला बसून होती आणि कागद लवकर जायला हवा होता. एका तलावाचा येवा मी असाच, दिवसाच्या पावसाला २४ ने भागून काढला. वर सही झाली, काम झाले. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस निरोप आला की तलाव फुटला. सकाळी पोचलो तेव्हा भरावाला वीसेक मीटरचे खिंडार पडले होते. खालच्या दोन विहिरी गाळाने भरल्या होत्या आणि एका शेतकऱ्याची बैलजोडी वाहून गेली होती. माणसे वाचली. उरलेल्या भरावाच्या माथ्यावर चढलो, तर तिथले गवत खालच्या अंगाला झोपलेले. पाणी माथ्यावरून गेल्याचा त्याहून स्पष्ट पुरावा नसतो. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की तो उभा राहत नाही. खालच्या उतारावरची माती निघत जाते आणि घळ मागे-मागे सरकत पाण्याला भिडते.

नंतर मी तालुक्याच्या पर्जन्यमापकाची नोंदवही पाहिली. त्या तारखेला ९६ मिलिमीटर. चोवीसने भागले तर ताशी चार! गावातली माणसे मात्र सांगत होती की गुरे घरी आली तेव्हा सुरू झाला आणि दिवेलागणीला थांबला. ते पर्जन्यमापक तलावापासून पंधरा किलोमीटरवर होते, म्हणजे तलावाच्या माथ्यावर नेमका किती पडला याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३. तालुक्याच्या गावचा आकडा आपल्या डोंगराला चिकटवताना हा दिवस आठवावा.

आता तुमच्या पुतण्याच्या १९६ कडे येऊ. त्याचे गणित बरोबर आहे : १२४ गुणिले ६.५, भागिले ‘६.५ अधिक १०.४’ चे वर्गमूळ. पण सूत्र कोणत्या मातीतले आहे तेही पाहायला हवे. क्लॉड इंग्लिस मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यातले अभियंते. खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचे काम त्यांच्या हाताखाली वाढले. हे सूत्र सह्याद्रीच्या पाणलोटांतील पुरांवर बेतलेले आहे. पंख्यासारखे पसरलेले पाणलोट, उभे कडे, दोन-तीन दिवस न थांबणारा पाऊस. महाबळेश्वर, कोयना, मुळशी या पट्ट्यात ते सूत्र मी डोळे झाकून वापरले असते. माणदेश हा घाटाच्या पर्जन्यछायेतला भाग. तिथे ते आकडा फुगवते. पाणलोटाच्या क्षेत्रावरून पूर काढायचे दुसरे एक, डिकन्सचे सूत्र लावून पाहिले तर मध्य भारतासाठी धरतात त्या १४ ते २८ या गुणांकांनी तुमच्या क्षेत्राला ५७ ते ११४ येतात. एवढी मोठी दरी असलेल्या एकट्या सूत्रावर मी विसंबत नाही, पण आपण कोणत्या अंगणात आहोत ते त्यावरून कळते.

आता तुमचा कागद. ओढा देवळापाशी १४ मीटर रुंद. तळापासून दुसऱ्या पायरीपर्यंत मध्यभागी पुरुषभरापेक्षा जरा जास्त पाणी, आणि तुमच्या सगळ्या खोल्यांची सरासरी १.८ मीटर. म्हणजे पाण्याचा छेद २५.२ चौरस मीटर. ओढ्याचा तळ १२० मीटर लांबीत एक मीटर उतरतो. तळ गोट्यांचा, काठाला करंज आणि निरगुडी, म्हणून मॅनिंगच्या सूत्रात (ओढ्यातल्या पाण्याचा वेग काढायचे सूत्र) खडबडीतपणा ०.०४५ धरला. वेग सेकंदाला २.६ मीटर आणि पूर सुमारे ६६ घनमीटर प्रति सेकंद येतो. तुमच्या सासऱ्यांनी लहानपणी पाहिलेला पूर सत्तर-पंच्याहत्तर वर्षांतला सर्वांत मोठा आहे. शंभर वर्षांचा पूर त्याहून थोडा मोठा असायला हवा. ७२ हा आकडा त्याच्या शेजारी येऊन बसतो, ७.५ बसत नाही. साडेसात घनमीटर पाण्याने देवळाची पहिली पायरीसुद्धा भिजणार नाही.

सासऱ्यांना देवळापाशी घेऊन जा आणि ‘पाणी कुठवर होते’ यापलीकडे दोन गोष्टी विचारा. पाणी कशाला अडून फुगले होते का? खाली झाड आडवे पडले असेल किंवा फरशी तुंबली असेल तर पातळी वाढते, पूर मोठा नसतो. आणि तेव्हापासून ओढ्याचा तळ खाली गेला की गाळाने वर आला? वाळू उपसली असेल तर आजच्या मापाने छेद जास्त भरेल. ही उत्तरे मला कळवा, आकडा दुरुस्त करू.

समतल चरांचे काम चांगले आहे, विहिरींना त्याचा गुण येईल. पुराच्या गणितात मात्र त्यांच्यासाठी एक घनमीटरही कमी करू नका. मोठा पूर बहुधा आधी चार दिवस पाऊस होऊन गेल्यावर येतो. तेव्हा चर भरलेले असतात, माती प्यायलेली असते. चार-पाच वर्षांत चर गाळाने बुजतातही. उलट त्या स्थितीत मुरमाड डोंगरावरून जास्त पाणी वाहते, म्हणून मी गुणांक ०.६ धरीन. त्याने येवा ८६ येतो. पूर्णांकात ९० धरा.

शंभर वर्षांचा पूर ही चैन वाटते, असे ग्रामसभेत कोणी म्हणाले तर त्यांना हे सांगा. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांनी येणारा पूर नव्हे. दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते. तलाव पन्नास वर्षे टिकवायचा असेल तर त्या पन्नास वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या घरात जाते. पंचवीस वर्षांच्या पुरावर सांडवा बेतला तर तीच शक्यता शंभरात ८७ होते. भारतीय मानक ११२२३ (१९८५) अर्धा ते दहा दशलक्ष घनमीटर साठ्याच्या लहान धरणांना शंभर वर्षांचा पूर धरायला सांगते. तुमचा साठा त्याहून लहान आहे, पण खाली देऊळ आहे आणि नकाशात देवळापुढे वस्ती दिसते. तिथे माणसे झोपतात. मी शंभरच्या खाली येणार नाही.

आता सांडवा. रुंद माथ्याच्या सांडव्यावरून जाणारे पाणी म्हणजे १.७ गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. सल्लागाराने ०.६ मीटर पूरउंची (पुरात सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची) आणि १० मीटर रुंदी धरली आहे, त्यातून साडेसातच्या आसपास पाणी जाते. भरावाचा माथा सांडव्यापासून दीड मीटर वर आहे. म्हणजे पाणी माथ्याला टेकेपर्यंत त्या सांडव्यातून जास्तीत जास्त ३१ घनमीटर जाईल. नव्वद आले तर उरलेले कुठून जाणार? काही भाग तलाव पोटात घेईल, हे खरे आहे. पाच हेक्टर पाणपसाऱ्यावर दीड मीटर म्हणजे पाऊण लाख घनमीटर. पण त्या एका झोडीचे पाणीच अडीच लाख घनमीटर आहे, आणि झोड सुरू होईल तेव्हा तलाव रिकामा असेल याची हमी कोणी देऊ नये.

माझा सल्ला : पूरउंची १.२ मीटर धरा, सांडवा ४० मीटर रुंद करा आणि वर फ्री बोर्ड (पुराच्या पातळीपासून भरावाच्या माथ्यापर्यंतची मोकळी उंची) निदान ०.९ मीटर ठेवा. भराव त्या मानाने ०.६ मीटरने वाढेल. पूरउंची दीड मीटर केली तर २९ मीटरचा सांडवा पुरतो आणि जमीन कमी जाते, पण भराव आणखी उंच होतो आणि सांडव्याच्या पुच्छ नालीत (सांडव्याचे पाणी पुढे ओढ्यात नेणारी चारी) पाणी जोरात पडते. तुमच्या नकाशात उजव्या काठाला मुरूम आणि खाली मांजऱ्या खडक आहे, म्हणून ४० मीटर मला पसंत आहे. तो खोदताना निघणारा मुरूम भरावाच्या बाहेरच्या थराला वापरता येतो, त्यामुळे वाढीव खर्च दिसतो तेवढा नाही. ज्यांची जमीन जाते त्यांना मोबदला आधी मिळाला पाहिजे, कामानंतर नाही. त्यासाठी ग्रामसभेत तुम्हीच उभ्या राहा.

एक गोष्ट पायी फिरून बघा. नकाशावरची पाणलोटाची रेषा आणि जमिनीवरची रेषा एकच आहे का? उत्तरेला नवा रस्ता दिसतो. रस्त्याची चारी शेजारच्या डोंगराचे पाणी तुमच्या ओढ्यात आणून सोडत असेल तर साडेसहा हा आकडाच बदलेल. पावसात, छत्री घेऊन जा. उन्हात ते कळत नाही.

पानशेतचे नाव तुम्ही घेतले. १२ जुलै १९६१ ला तिथे घडले ते वेगळे होते : काम अपुरे असताना पाणी साठले, विमोचकाच्या (भरावाखालून पाणी सोडण्याच्या मार्गाच्या) वरचा भराव खचला आणि मग पाणी वरून गेले. तुमच्या प्रश्नाच्या जवळचे उदाहरण गुजरातमधले मच्छू-२ धरण, ११ ऑगस्ट १९७९. आराखड्यात धरलेल्या पुराच्या दुपटीहून मोठा पूर आला. सांडव्याचे दरवाजे उघडूनही पाणी मातीच्या बाजूंवरून गेले, त्या वाहून गेल्या, आणि खाली मोरबी शहर होते.

प्रश्न : मी पदविकेच्या अंतिम वर्षात आहे. प्रकल्पासाठी १० चौरस किलोमीटर पाणलोटाचा पूर इंग्लिसच्या सूत्राने काढला. एका पुस्तकातील सूत्राने २७४ घनमीटर प्रति सेकंद येतात, दुसऱ्यातील ‘७०००’ वाल्या सूत्राने १८,७०० क्युसेक (घनफूट प्रति सेकंद), म्हणजे सुमारे ५३० घनमीटर. सूत्र एकच, मग उत्तर दुप्पट का?
— विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : ७००० वाले सूत्र चौरस मैलांचे आहे, तू त्यात चौरस किलोमीटर घातलेस. १० चौरस किलोमीटर म्हणजे ३.८६ चौरस मैल. ७००० गुणिले ३.८६, भागिले ‘३.८६ अधिक ४’ चे वर्गमूळ. उत्तर ९,६४० क्युसेकच्या आसपास येईल, आणि ३५.३ ने भागलेस की २७३, म्हणजे जवळजवळ तुझे २७४ परत मिळतील. जुन्या पुस्तकातले कुठलेही सूत्र वहीत उतरवताना त्याच ओळीत एकक लिहीत जा. आणि पाणलोट घाटातले आहे का, हे प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर लिही. वरचे उत्तर वाचलेस तर कारण कळेल.

प्रश्न : आमच्या गाव तलावाच्या सांडव्यावर दर वर्षी श्रावणात मातीची पोती रचून दीड-दोन फूट पाणी जास्त अडवतो. पाऊस मोठा झाला तर पोती वाहून जातीलच. यात धोका आहे का? सांडव्याच्या पुढे वेडी बाभूळ वाढली आहे, ती सरपणाला राखली आहे.
— शेतकरी, जत तालुका

उत्तर : दादा, धोका आहे, आणि मोठा आहे. पाण्याची ओढ मला कळते. जतमध्ये दोन फूट पाणी म्हणजे एका रब्बीची ज्वारी. पण तुमच्या सांडव्याच्या माथ्यापासून भरावाच्या माथ्यापर्यंत पाच फूट असतील तर दोन फूट पोत्यांनी तुम्ही ती जागा तीन फुटांवर आणता. पाणी उंचीच्या दीड घाताने जाते, म्हणून सांडव्याची ताकद निम्म्याहूनही खाली येते. पोती आपोआप वाहून जातील हेही गृहीत धरू नका. भिजलेली माती पोत्यात घट्ट बसते, वर गवत उगवते, आणि रात्री पूर आला की काढायला कोणी जाऊ शकत नाही. बाभळीने पुच्छ नाली अडली तर पाणी मागे फुगते आणि उरलेली निम्मी ताकदही जाते.

साठा वाढवायचाच असेल तर तलावातला गाळ काढा आणि शेतात पसरा. सांडव्याची उंची वाढवायची असेल तर तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाकडून भरावाची उंचीही त्याच वेळी वाढवून घ्या. तुमच्याकडचा मोठा पाऊस अजून यायचा आहे. पोती या आठवड्यात काढा, बाभूळ मुळापासून तोडून सरपण घरी न्या, आणि पुढच्या पावसात सांडव्याच्या भिंतीवर चुन्याने फूट-फूट अंतरावर रेघा मारून पाणी कुठवर आले ते तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा. ती वही मला पाठवा.